भिंतीवरच्या खुणा

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत मी स्टुलावरून पडले. वरच्या फळीवरून चिन्नोर तांदळाचा पितळी डबा काढत होते. डबा हातात आला आणि स्टूल सरकलं. तांदूळ सांडू नये म्हणून डबा डाव्या हाताने छातीशी धरला आणि उजवा हात जमिनीवर टेकवला. तांदळाचा एक दाणासुद्धा सांडला नाही, याचंच मला त्या दिवशी केवढं समाधान! खांद्यात काहीतरी कट् झालं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

सांगायला वेळ कुठे होता? मार्गशीर्षात लेकीचं लग्न. पत्रिका, साड्या, रुखवत, पाहुण्यांच्या गाद्या. बाईचा हात दुखतो हे काय घरात सांगायचं कारण असतं? मोहरीचं तेल लावलं, गरम विटेचा शेक घेतला. एक मालिश करणारी बाई आणली. तिने हात धरून असा काही ओढला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. रात्री उजव्या कुशीवर वळलं की जीव जायचा. मग उठून बसायचं, णमोकार म्हणायचा आणि स्वतःची समजूत घालायची की कर्माची निर्जरा होते आहे, सोसू या.

लग्न छान झालं. आठ दिवसांनी अल्बम आला. हे फोटो बघता बघता म्हणाले, "अगं, सगळ्या फोटोंत तुझा उजवा हात पदराखाली का आहे?" मी म्हटलं, "असाच." मग अक्षता टाकतानाचा फोटो निघाला. त्यात मी डाव्या हाताने अक्षता टाकत होते. शुभकार्यात डावा हात वापरणारी मी नव्हे, हे यांना ठाऊक. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू. बशी उथळ आहे, म्हणून तर हात इतका चहूकडे फिरतो. तो चेंडू जागेवर धरून ठेवायला चार छोटे स्नायू असतात. त्यांच्या शिरा हाडाभोवती बाहीच्या कफसारख्या बसतात, म्हणून त्यांना रोटेटर कफ म्हणतात. माझी वरची शीर हाडावरून सुटली होती. ब्लाउजची बाही खांद्यावर उसवावी तशी. फेब्रुवारीत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, शीर परत हाडाला टाचली, आणि सहा आठवडे हात झोळीत.

झोळीतले सहा आठवडे सोपे गेले, कारण तेव्हा सगळ्यांना दिसत होतं. पाणी गाळायला सून, पोळ्यांना बाई, आणि माझी वेणी घालायला हे. पहिल्या दिवशी यांनी घातलेली वेणी बघून नात इतकी हसली की मलाही हसू आवरेना. पण पंधरा दिवसांत हात बसला हो त्यांचा. दुकानात पुड्या बांधणारा माणूस, गाठ मारायचं माहीतच होतं.

कठीण दिवस झोळी निघाल्यावर आले. दवाखान्यातून निघताना एक इंग्रजी कागद मिळाला होता, त्यावर काड्यांच्या माणसांची चित्रं. कोणी समजावून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बी.ए. झालेली बाई, पण डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही. मनात एकच भीती, हात हलवला तर टाका तुटेल. म्हणून झोळी निघाली तरी हात मी पोटाशी धरूनच ठेवला. महिनाभर. एप्रिलमध्ये तपासणीला गेले तेव्हा हात छातीच्या वर जात नव्हता आणि दुखणं पूर्वीपेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, "टाके उत्तम आहेत. पण खांदा धरलाय. व्यायाम का नाही केले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली. गोंदियाला एक चांगली मुलगी आहे असं जावेकडून कळलं. बालाघाटहून गोंदिया चाळीसेक किलोमीटर. राजेगाव मागे पडलं, बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. आठवड्यातून दोनदा जायचं, भर उन्हाळ्यात. ज्या दिवसांत मी दरवर्षी शेवया आणि पापड करते, त्या दिवसांत मी बसच्या खिडकीशी बसून हाताचा विचार करत होते.

ती मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मला वाटलं, गेल्याबरोबर हात ओढेल. तिने आधी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "काकू, या हाताने तुम्हाला काय काय करायचं आहे?"

इतक्या महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी गडबडले. मग म्हटलं, "यंदा आमच्या गावात मुनिसंघाचा चातुर्मास आहे. मला आहार द्यायचा आहे. महाराज उभ्याने, ओंजळीत घेतात. लोटा छातीपर्यंत उचलावा लागतो आणि ओंजळीत धार बारीक सोडावी लागते. थरथरून चालत नाही."

ती जैन नव्हती. पण तिने सगळं नीट विचारून घेतलं. लोटा केवढा, पाणी किती, किती वेळ धरायचा. आणि कागदावर पहिल्याच ओळीत मराठीत लिहिलं: "लोटा, अर्धा लिटर, छातीपर्यंत, स्थिर." व्यायाम नंतर लिहिले. तो कागद मी जपून ठेवला आहे.

मग तिने दुखणं शोधलं. मी बोट ठेवलं खांद्याच्या पुढच्या बाजूला, जिथे ऑपरेशनचे ठिपके आहेत. ती मागे गेली, खांद्याच्या फऱ्यावर अंगठा दाबला, आणि मी ओरडले. कारण कळ मागे आलीच नाही. ती पुढे आली, खांद्यातून दंडात उतरली. अगदी तीच, रात्रीची, ओळखीची कळ. ती म्हणाली, "काकू, शिवलेली शीर बरी होते आहे. इतके महिने हात आखडून धरल्यामुळे फऱ्यावरच्या आणि मानेच्या स्नायूत ताठ गाठी झाल्यात. गाठ मागे, कळ पुढे. म्हणून तुम्हाला वाटतं, ऑपरेशन बिघडलं."

महिनाभर ज्या भीतीने मी हात हलवला नव्हता, ती भीती चुकीच्या जागी होती.

तिने ड्राय नीडलिंग सुचवलं. त्याआधी नागपूरच्या डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली, कारण ऑपरेशननंतर टाक्यांच्या जागी आणि लवकर सुया टोचायच्या नसतात. मी विचारलं, "सुईत औषध कोणतं?" ती म्हणाली, "काहीच नाही. म्हणून तर ड्राय, कोरडी." केसासारखी बारीक, भरीव सुई, अॅक्युपंक्चरची असते तीच. पण अॅक्युपंक्चरचा हिशेब वेगळा, तो शरीरातल्या ऊर्जेच्या मार्गांचा. इथे बोटाने चाचपून स्नायूतली ताठ गाठ शोधायची आणि सुई तिथेच घालायची.

मी घरी येऊन लेकीला फोन केला, तिने शोधून वाचून दाखवलं. या गाठींचा कळीशी संबंध जिने आयुष्यभर अभ्यासला ती एक बाई होती, अमेरिकेतल्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर त्या उपचार करत, आणि राष्ट्राध्यक्षांची खासगी डॉक्टर होणारी ती पहिली स्त्री. 1983 मध्ये त्यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत या गाठींवर मोठा ग्रंथ काढला. त्या काळी गाठीत औषधाचं इंजेक्शन देत. 1979 मध्ये कारेल लेविट नावाच्या चेक डॉक्टरांनी लिहिलं की गुण पुष्कळदा औषधाचा नसून सुईचाच असतो. तिथून कोरडी सुई रूढ झाली. ऑपरेशननंतरच्या खांदेदुखीवर 2015 मध्ये स्पेनमध्ये एक अभ्यास झाला, रुग्ण फक्त 20. व्यायामाच्या जोडीला एकदाच सुया दिलेल्यांचा हात आठवड्याने जास्त कामाला आला होता. "छोटा अभ्यास आहे आई, फार भरवसा ठेवू नको," लेक म्हणाली. फिजिओथेरपिस्ट मुलीनेही तेच सांगितलं, "सुईने दुखणं काही दिवस कमी होईल. त्या दिवसांत व्यायाम करून घ्यायचा. सुई दार उघडते, चालायचं तुम्हालाच."

पहिल्या दिवशी मी पालथी झोपले, डोळे घट्ट मिटले. मानेजवळचा स्नायू तिने चिमटीत वर उचलून धरला. खाली फुप्फुस असतं, सुई तिकडे जाऊ नये म्हणून. टोचल्याचं फारसं कळलं नाही. पण सुई गाठीत गेली तसा स्नायू आपोआप टचकन उडाला, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा. मग एक जड, बधिर कळ. दोन-तीन श्वास, आणि सैल. फऱ्यावर दोन सुया झाल्या. प्रत्येक सुई नवी, पाकीट माझ्यासमोर फोडलेलं, वापरून झाली की कडक डब्यात. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी खांदा ठणकला, एक निळसर डागही पडला. तिसऱ्या रात्री मी सलग पाच तास झोपले. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

तिसऱ्या खेपेला गंमत झाली. ती नेहमी विचारायची, काय खाऊन आलात? मी म्हटलं, "आज अष्टमी, उपास." तिने सुयांचं पाकीट परत ठेवलं. "उपाशीपोटी चक्कर येते काकू. आज फक्त व्यायाम." मी म्हटलं, "मला काही होत नाही, मला सवय आहे सोसायची." ती शांतपणे म्हणाली, "हो, ती सवय मला तुमच्या खांद्यात सापडली."

परतीच्या बसमध्ये मला तिचा राग आला. घरी आल्यावर संध्याकाळी सामायिकाला बसले आणि राग गेला, कारण एक गोष्ट लक्षात आली. मी लहानपणापासून पाठ केलेली आहेत सहा बाह्य तपं, त्यातलं सहावं कायक्लेश. खांद्याच्या दुखण्याला मी मनातल्या मनात तेच नाव दिलं होतं. पण तप ठरवून करतात, समजून करतात आणि मन शांत ठेवून करतात. मी काय केलं होतं? चार महिने सामायिकात बसून खांद्याचाच विचार केला. कधी थांबेल, कोणाला कळेल का, कोणी विचारत का नाही? तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यात वेदनेचा सतत विचार हाही एक. मी माळ ओढत आर्तध्यान करत होते आणि त्याला निर्जरा म्हणत होते. आणि त्याच शास्त्रात अंतरंग तपांत वैयावृत्त्य आहे, आजाऱ्याची सेवा. मी सांगितलंच नाही, तर माझ्या घरच्यांनी ते तप कधी करायचं?

आता व्यायामाचं सांगते, कारण खरं काम तिथेच झालं. ओणवं होऊन हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. निजून दोन्ही हातांत लाटणं धरायचं आणि चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचं. दारावरून दोरी टाकून, विहिरीच्या गडगडीसारखी, एका हाताने ओढून दुसरा वर चढवायचा. फरे मागे जवळ आणून दहापर्यंत मोजायचं. आणि भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी. सगळं दिवसातून तीनदा. बारा आठवडे उलटल्यावर रबरी पट्टा आला, मग अर्ध्या वाटीएवढ्या पाण्याचा लोटा, मग हळूहळू जास्त.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत, तिथेच मी बोटं चढवायची. नात पेन्सिल घेऊन उभी असे. जिथे बोट थांबेल तिथे रेघ आणि तारीख. एप्रिलची पहिली रेघ माझ्या हनुवटीशी. मे संपता कपाळाशी. सुई घेतली की रेघ एकदम वर जायची, मग चार दिवस तिथेच, मग अर्धं बोट वर. एका आठवड्यात ती खालीही गेली, कारण मी कुणाला न सांगता पाण्याची कळशी उचलली होती. नातीने ती खालची रेघही काढली. खोटी खूण करायला ती तयार नव्हती.

ज्येष्ठातल्या एका दुपारी वीज गेली होती. मी ओसरीत पडले होते. भिंतीशी बांगड्यांचा बारीक आवाज आला म्हणून डोकावले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, वय वर्षं 81, आणि डाव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत होत्या. बोटं खांद्याच्या खालीच थांबली.

"आई?"

त्या दचकल्या. "काई नाई. तुह्या खुणा पाहत होती."

"हात वर जात नाही तुमचा?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "धाकटा दीड वर्साचा होता. पावसात विहिरीवर घसरली, गुंडी डोक्यावर. तवापासून असाच आहे."

धाकट्या दिरांची पन्नाशी उलटली. मी म्हटलं, "कोणाला सांगितलं नाही?"

"कोणाले सांगू? तुह्या सासऱ्याले? ते दुकानात. सासूले सांगतलं, त म्हणे बाईचं अंग दुखतेच."

मी या घरात 1991 ला आले. आल्यापासून रोज सकाळी त्यांच्या केसांना मागून तेल लावून, विंचरून, अंबाडा घालून द्यायचं काम माझं. नवी होते तेव्हा मला त्याचा फार राग यायचा. कॉलेजात शिकलेली मी, आणि हिला एवढा सासूपणा की स्वतःची वेणीसुद्धा घालत नाही! मी माहेरी कारंजाला जाऊन आईजवळ तक्रारही केली होती. त्या नेहमी पुढून बटणं असलेलं पोलकं घालतात, डाव्या हातावर पदर ओढून घेतात, देवळातली घंटा उजव्या हाताने वाजवतात. तीस वर्षांहून जास्त मी हे सगळं बघितलं आणि एकदाही जोडून बघितलं नाही. लग्नाच्या अल्बममधला पदराखालचा हात यांना आठ दिवसांत दिसला. आमच्या आईंचा हात पन्नास वर्षांत कोणाला दिसला नाही, मलाही नाही.

पुढच्या खेपेला मी त्यांना गोंदियाला घेऊन गेले. त्या बसमध्ये म्हणत होत्या, या वयात कशाले. मुलीने अर्धा तास तपासलं आणि खोटी आशा दाखवली नाही. इतक्या वर्षांचा खांदा, सांधा तसाच बसला आहे, पूर्ण उघडणार नाही. सुया तर नाहीच, कारण हृदयासाठी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. पण शेक आणि सोपे व्यायाम केले तर थोडा हलेल आणि रात्रीचं दुखणं कमी होईल. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "रातचं कमी होईल?" म्हणजे रात्रीही दुखत होतं. पन्नास वर्षं.

तेव्हापासून भिंतीवर दोन रांगा झाल्या. त्यांची रांग खाली, माझी वर. त्यांच्या रेघा चार महिन्यांत तीन बोटं चढल्या. त्या आता रात्री एकदाच उठतात.

श्रावणात आमच्या दारी पडगाहन झालं. मी लोटा उचलला. अर्धा लिटर, छातीपर्यंत. पहिली धार सोडताना हात किंचित थरथरला, मग स्थिर झाला. माझ्या शेजारी सासूबाई उभ्या होत्या. उजव्या हातात वाटी, डावा हात पदराखाली नव्हता.

मैत्रिणींनो, थोडं व्यवहाराचं बोलते. खांदा आठ-पंधरा दिवसांत बरा झाला नाही तर दाखवा. चाळीस ते साठ वयातल्या बायकांचा खांदा जास्त धरतो, मधुमेह असेल तर अधिकच. कोणालाही ओढू देऊ नका. सुया घ्यायच्या तर शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच, ऑपरेशन झालं असेल तर सर्जनला विचारून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भारपण, किंवा स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर आधी सांगा. सुयांनंतर दम लागला किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा. आणि व्यायामाचा कागद इंग्रजीत दिला तर लाजू नका, म्हणा, समजावून सांगा.

आणि आज एक करा. घरात सासू असेल, आई असेल, आत्या असेल, तिला सहज म्हणा, "दोन्ही हात वर करा बरं." आणि बघा, कुठपर्यंत जातात.